क्लच सोडताना काटा कुठे असावा?

हाताने गिअर टाकायच्या ड्रॅग गाडीची शर्यत पहिल्या 60 फुटांतच बरीचशी ठरून जाते. पूर्ण अंतर पाव मैलाचे, म्हणजे 402 मीटर. पण सुरुवातीला गमावलेला एक दशांश सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत दीड-दोन दशांश होऊन बसतो, असा या खेळातला जुना ठोकताळा आहे. म्हणूनच क्लच सोडण्याच्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर धरायचे, हा प्रश्न अश्वशक्तीच्या आकड्याहून महत्त्वाचा ठरतो.

एक हिशेब करून पाहू. पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.66, डिफरन्शिअलचे 3.73 आणि मागच्या टायरचा व्यास 26 इंच असला, तर इंजिनाच्या साडेतेरा-पावणेचौदा फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. 4,000 आरपीएमवर क्लच पूर्ण धरला, तर चाकाला ताशी सुमारे 36 किलोमीटरच्या वेगाने फिरायचे असते, आणि गाडी तर जागेवरच उभी असते. ही तफावत कुणाला तरी सोसावीच लागते. क्लचच्या प्लेटा घासून ती सोसतात, टायर घसरून सोसतो, नाहीतर इंजिनाचे आरपीएम कोसळतात. सुटण्याचा आरपीएम ठरवणे म्हणजे या तिघांत ओझे कसे वाटायचे ते ठरवणे.

यातला खरा साठा फ्लायव्हीलमध्ये असतो. फिरत्या वस्तूतली ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढते. 3,000 ऐवजी 6,000 आरपीएमवर सुटले, तर साठा दुप्पट नव्हे, चौपट होतो. काटा थोडाच वर नेला तरी गाडीचा स्वभाव एकदम बदललेला वाटतो, तो यामुळेच. जड फ्लायव्हीलची गाडी कमी आरपीएमवरही जोरात उचलते. हलके फ्लायव्हील बसवले की तीच गाडी त्याच आकड्यावर गुदमरू लागते आणि काटा वर न्यावा लागतो.

आकडा कमी पडला की टायर अजिबात घसरत नाही, इंजिन टॉर्कच्या पट्ट्याखाली घसरते आणि गाडी क्षणभर दम कोंडल्यासारखी रेंगाळते. जास्त झाला की चाके जागेवर गरगरतात, धूर निघतो, गाडी मात्र पुढे सरकत नाही. टायरची सर्वाधिक पकड मात्र तो किंचित घसरत असताना मिळते. एकदा सपशेल घसरला, की ती झपाट्याने ओसरते. स्लिक टायरची बाजू मऊ असते, ती सुरकुतते आणि धक्का पचवते, त्यामुळे स्लिकवर वरचा आकडा चालतो. ताठ रेडिअल टायर एकदा सुटला की सहसा पुन्हा धरत नाही.

पट्टीचाही वाटा मोठा. अमेरिकेतल्या कायमच्या ड्रॅग पट्ट्यांवर सुरुवातीच्या भागात चिकट द्रव फवारतात, वर रबराचा थर बसलेला असतो. कॅलिफोर्नियात सांता आना इथे 1950 मध्ये या शर्यती विमानतळाच्या धावपट्टीवरच सुरू झाल्या होत्या. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही त्या झाल्या आहेत. असा चिकट थर नसलेल्या साध्या डांबरावर तीच गाडी बऱ्याच खालच्या आकड्यावर सोडावी लागते. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीला तर आणखी जपावे लागते, कारण सुटताना वजन मागे जाते आणि ओढणारी चाकेच हलकी होतात. चारही चाकांना ताकद असेल तर उलट होते: पकड भरपूर, त्यामुळे काटा वर हवा, पण घसरायला वाव नसल्याने तो सगळा मार क्लच आणि गिअरबॉक्स झेलतात.

आकडा पट्टीवरच सापडतो. टायरची हवा, बर्नआउट आणि क्लच सोडण्याची पद्धत तीच ठेवून, गुदमरणाऱ्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करावी आणि दर फेरीला 200-300 आरपीएमच वाढवावेत. प्रत्येक वेळी 60 फुटांची वेळ पाहावी. ती घटत जाते, मग थांबते आणि चाके गरगरू लागली की पुन्हा वाढते. ती वळते त्याच्या अलीकडचा आकडा आपला. एका फेरीवर भरवसा ठेवू नये, त्याच आकड्यावर दोन-तीनदा सुटून पाहावे. कान इथे फार उपयोगी पडतात: टायरचा बारीक चीत्कार चालेल, लांबलेली किंकाळी नको.

टू-स्टेप लिमिटर असला तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही इंजिन ठरवलेल्या आकड्यावरच थांबते, आणि पायाच्या अंदाजाची चूक हिशेबातून जाते. टर्बोच्या गाडीत आणखी एक अडचण असते: भाराविना रेस दिली तर बूस्ट फारसा तयार होत नाही. म्हणून तिथे प्रज्वलन उशिरा करून टर्बो फिरता ठेवतात आणि आरपीएमसोबत बूस्टचाही आकडा ठरवतात. क्लच तापल्यावर त्याची धरण्याची ताकद बदलते, त्यामुळे दोन फेऱ्यांत त्याला निवायला वेळ द्यावा लागतो. टायर, डिफरन्शिअल किंवा फ्लायव्हील बदलले, की जुना आकडा रद्द समजून पुन्हा खालून सुरुवात करावी लागते.