चाळिशीत इलेक्ट्रिशियन व्हायचंय? आधी एवढं समजून घ्या



पालक सभा संपली की दोन-तीन पालक मागे रेंगाळतात. मुलांच्या मार्कांचं बोलून झालं की मग खरा प्रश्न बाहेर येतो. आमच्या सोनारीच्या एका पालकांनी असंच विचारलं, "सर, मी एक्केचाळीस वर्षांचा. परंड्याला जीप मारून आता भागत नाही. फिटिंगचं काम मला येतं, पण लोक कागद मागतात. आता शिकायचं वय गेलं का?"

हे गृहस्थ नववीत शाळा सोडलेले. पंखा, स्टार्टर, बोअरची मोटार, सगळं बघून बघून शिकलेले. भैरवनाथाच्या यात्रेत दुकानांना लाईट जोडून देतात. आमच्याकडे वानरं भरपूर, त्यामुळे पत्र्यावरच्या लोंबत्या वायरी ओढल्या गेल्या की यांचाच फोन वाजतो.

वयाचं उत्तर सोपं आहे. आयटीआयच्या प्रवेशाला किमान वय १४ वर्षे लागतं, वरची मर्यादा नाही. इलेक्ट्रिशियन हा ट्रेड दोन वर्षांचा आणि त्याला दहावी पास लागते. अवघड आहे ती घरची बेरीज. दोन वर्षं दिवसभर हजेरी लावायची तर जीप कोण चालवणार? हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग माणूस सहा महिन्यांत आयटीआय सोडतो. म्हणून प्रवेशाआधी घरात बसून दोन वर्षांचा खर्च कागदावर मांडा. ते जमणारच नसेल तर पूर्वीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ठेवलेली आहे. मात्र ते प्रमाणपत्र आणि वायरिंगचं काम करण्याचा शासनाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज करण्याआधी कोणता कागद कशासाठी चालतो ते विचारून घ्या.

"पण सर, काम तर मला येतंच की," ते म्हणाले. इथे मी त्यांच्या मुलीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक उघडलं. 'धाराविद्युत' हा धडा. आणि एकच प्रश्न विचारला: घरात १६ अँपिअरची एमसीबी बसवली, आता शॉक लागला तर माणूस वाचेल का?

ते म्हणाले, "वाचेल, एमसीबी पडेल ना."

नाही पडणार. गणित करून बघा. घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला तर ओहमच्या नियमाने अंगातून जाणारी धारा येते २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. एमसीबी १६ अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. तिला वाटतं, एखादा मोठा बल्ब लागलाय. तिचं काम वायर वाचवण्याचं आहे, माणूस वाचवण्याचं नाही. माणसासाठी आरसीसीबी लागते. फेजमधून जितकी धारा गेली तितकीच न्यूट्रलमधून परत आली का, एवढंच ती बघत असते. अंगातून जमिनीत थोडी जरी निसटली, ३० मिलिअँपिअरची म्हणजे ०.०३ अँपिअरची तफावत पडली, की ती निमिषात बंद करते.

ते गप्प झाले. यात्रेतल्या पत्र्याच्या दुकानांना त्यांनी किती वर्षं नुसती एमसीबी लावून जोडण्या दिल्या, हे ते मोजत असावेत.

अर्थिंगचंही तसंच. वायरमन हिरवी वायर कुठेतरी अडकवतो आणि "अर्थिंग केलं" म्हणतो. पण आपल्या मुरमाड जमिनीत मे महिन्यात ओल संपली की अर्थिंगचा रोध वाढतो. पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. म्हणून खड्ड्यात पाणी घालायचं आणि मुख्य म्हणजे मीटरने मोजायचं. टेस्टरचा दिवा लागतो का, एवढ्याने ते कळत नाही. मोजण्याची ही सवय आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये लागते. बघून शिकणाऱ्याला ती सहसा लागत नाही.

आता डीपीचं. फ्यूज गेला की गावातला 'येणारा माणूस' काठी घेऊन डीपीवर जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. स्विच पाडला म्हणजे लाईन मेली असं तो धरून चालतो. पण कुणाच्या घरातला इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर वीज उलट्या बाजूने येते. म्हणूनच प्रशिक्षित लाईनमन परमिट घेतो, लाईन तपासतो, तिला जमिनीशी जोडतो आणि मगच हात लावतो. तुमच्या ओळखीचा कुणी आयटीआय झालेला असला तरी त्याला डीपीवर चढवू नका. ते महावितरणच्याच माणसाचं काम आहे.

या वयात शिकण्याला आज आणखी एक कारण आहे, सोलर. शेतात सोलर पंप आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत देशभरातल्या एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. काम वाढणार हे नक्की. पण जुना वायरमन इथे फसतो. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडला की ठिणगी विझते. पॅनलची डीसी शून्यावर येतच नाही. तिथे एसीची एमसीबी लावली तर ठिणगी तशीच जळत राहून आग लागू शकते. शिवाय ऊन आहे तोवर पॅनल बंद करता येत नाही, मेन स्विच पाडला तरी त्याच्या वायरी जिवंतच असतात.

तर आमच्या पालकांनी ठरवलं, आधी दहावी. बाहेरून बसणाऱ्यांसाठी बोर्डाचा फॉर्म नंबर १७ असतो. नववीच्या पुस्तकातली ओहमच्या नियमाची उदाहरणं मुलगी त्यांना संध्याकाळी शिकवते. परवा ती तक्रार घेऊन आली, "सर, पप्पा एकक लिहीतच नाहीत." फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो त्यांच्या जुन्या शाळेतून काढायचं काम सध्या चालू आहे.