काचपेटीत थव्याचे मासे किती ठेवावेत?

शोभिवंत मासे पाळून विकणे हा शेतीस पूरक असा जोडधंदा आहे. परंतु गिऱ्हाईक पुष्कळदा प्रत्येक जातीची एकेक जोडीच नेते. मासे दगावतात आणि गिऱ्हाईक तुटते.

झेब्रा मासा हा आपल्या देशातील ओढ्यांत व भातखाचरांत आढळणारा, सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा मासा होय. तो थव्याने राहतो. थव्यातून एकच मासा हेरून पकडणे शत्रूस कठीण जाते. एकटा पडलेला मासा बुजतो व कोपऱ्यात दडतो. दोन-तीनच असल्यास बलवान मासा दुबळ्यास सतत पिटाळतो. संख्या वाढली की हा जाच विभागला जातो. यास्तव एकाच जातीचे किमान ६, शक्यतो ८ ते १० मासे एकत्र ठेवावेत.

मात्र दाटीही घातकच. माशांच्या उत्सर्गापासून व उरलेल्या खाद्यापासून पाण्यात विषारी अमोनिया साठतो. ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद पेटीत २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरलेले पाणी ४५ लिटर होते. त्यात १० झेब्रा मासे सुखाने राहतात. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे.

जागा थोडी असल्यास जाती कमी कराव्यात, थवा मोडू नये. ही गोष्ट गिऱ्हाइकास विक्रीपूर्वीच समजावून सांगावी.