वहीतले घोडे

आज फेब्रुवारीतला पहिला रविवार. दुपारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बी. टोप्या, झगे आणि नटनट्यांचे फोटो उद्याच्या वर्तमानपत्रांत येतीलच. मला बोलायचं आहे ते लोकलमधून महालक्ष्मी स्टेशनला उतरणाऱ्या, दुमडलेलं रेसचं पुस्तक आणि पेन्सिलीचा तुकडा खिशात असलेल्या माणसाबद्दल. दिवसभरातल्या प्रत्येक शर्यतीचा विजेता आपल्याला आधीच कळणार आहे, असा त्याचा विश्वास असतो.

निवृत्त बँक अधिकाऱ्यानं घोड्यांवर लिहावं याचं काहींना नवल वाटेल. पण मी उमेदीची सगळी वर्षं कर्जाचे अर्ज वाचण्यात घालवली आहेत, आणि रेसचं पुस्तक ही त्याच जातीची गोष्ट आहे. घोड्याच्या नावापुढे बारीक टायपात त्याची कुंडली असते : वय, आईबाप, मागच्या शर्यतींतले क्रमांक, पाठीवरचं वजन, जॉकी, सुटण्याची जागा. ओळीनं दोन-तीन पहिले नंबर दिसले की नवखा माणूस भाळतो. सलग तीन वर्षं नफा दाखवणाऱ्या ताळेबंदावर नवा मॅनेजरही असाच भाळतो. तो नफा कोणत्या बाजारात मिळवला, हे विचारायचं असतं. खालच्या वर्गात जिंकलेला घोडा वरच्या वर्गात जातो, तिथे गाठ दांडग्यांशी पडते. त्याच वर्गात राहिला, तर हँडिकॅपर त्याच्या पाठीवर आणखी वजन चढवतो. घोडा तोच, ओझं नवं. उलट वरच्या वर्गात चार वेळा मागे पडून खाली उतरलेला घोडा कागदावर भिकार दिसतो, पण आपल्या तोलामोलाच्या घोड्यांत आला की एकदम पुढे येतो. आजच्या हँडिकॅप शर्यतींत मी पहिलं टिंब करीन ते अशा घोड्यापुढे. त्याच्यावर शिकाऊ जॉकी असेल तर वजनात आणखी सवलत मिळते. मात्र पंधरा घोड्यांच्या गर्दीत पोरगा कोंडला गेला की ती सवलत फुकट जाते. अगदी तळाच्या वर्गाच्या शर्यतीत मी चहा पिईन. तिथले घोडे स्वतःलाच ओळखत नाहीत, मग मी कुठून ओळखणार?

डर्बीत वजनाची ही भानगड नाही. सगळे चार वर्षांचे, सगळ्यांना सारखं ओझं, फिलीला तेवढी दीड किलोची सूट. अंतर २४०० मीटर. प्रश्न एकच, दम. डिसेंबरातली १६०० मीटरची गिनीज कोणी जिंकली, एवढं पाहून भागत नाही. शेवटच्या दोनशे मीटरांत कोण संपत आला होता आणि कोणाची चाल अजून वाढत होती, हे आठवावं लागतं. एकाच ट्रेनरचे दोन घोडे असतील तर त्याच्या मुख्य जॉकीनं कोणता घेतला ते पाहावं. घरातल्या माणसाला घरातलं कळतं. बंगळूर-हैदराबादहून एवढा प्रवास करून आणलेल्या घोड्याकडे मी दोनदा पाहतो. आणि फिलीला हसू नये. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी जिंकली ती प्रिन्सेस ब्युटिफुल फिलीच होती. मग पॅडॉकमध्ये जायचं. कान, चाल, मानेवरचा घाम बघायचा. पुस्तकात झापडं पहिल्यांदाच लावल्याची नोंद असेल, तर ट्रेनरला घोड्याच्या लक्षाबद्दल शंका आहे एवढं समजून चालायचं.

इथपर्यंतचं सगळं कौशल्य. सुप्रीम कोर्टानंही १९९६ साली तमिळनाडूतल्या एका खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे, असाच निर्वाळा दिला. त्या निकालाची बातमी कापून आमच्या हेडकॅशिअरनी काउंटरच्या काचेखाली ठेवली होती.

गिरगावातली शाखा. नोटांचं बंडल नुसतं हातात घेऊन एक नोट कमी आहे हे सांगणारा माणूस. वीस वर्षांत त्यांच्या कॅशमध्ये रुपयाचा फरक पडला नाही. शनिवारी दुपारी शटर अर्धं खाली आलं की ते पुस्तक काढायचे आणि रविवारचे घोडे सांगायचे. त्यातले पुष्कळ यायचे, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो. त्यांचा देव म्हणजे रशीद बायरामजींनी तयार केलेला, १९७७ची डर्बी जिंकणारा स्क्वाँडरर. एकोणीस शर्यती धावला, अठरा जिंकला. “साहेब, नाव उधळ्या आणि एवढा भरवशाचा घोडा झाला नाही,” असं ते म्हणायचे. मी विचारायचो, त्याच्यावर लावलं तर भाव काय मिळायचा? यावर ते हसायचे आणि विषय बदलायचे.

गोम तिथेच होती. समजा, तुम्ही निवडलेला घोडा तीनात एकदा जिंकतो. जगभर फेव्हरिटचं प्रमाण साधारण एवढंच आहे. नऊ शर्यतींत शंभर-शंभर लावले, नऊशे गेले. तीन जिंकले. शंभराचे दोनशे मिळत असतील तर सहाशे परत, तीनशे बुडाले. तेच तीन घोडे शंभराला साडेतीनशे देत असतील तर साडेदहाशे परत, दीडशेचा फायदा. घोडे तेच, निवड तीच. टोटवरचा भाव घोडा ठरवत नाही, गर्दी ठरवते. सगळ्यांचा पैसा एकत्र करून, क्लबचा आणि सरकारचा वाटा काढून, उरेल तो जिंकलेल्या तिकिटांवर वाटला जातो. म्हणजे तुमची झुंज शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मताशी असते. त्यात सप्टेंबर २०२५पासून रेसच्या पैजेवर चाळीस टक्के जीएसटी आहे. तो कुठूनही काढला तरी शेवटी तिकीटवाल्याच्याच खिशातून जातो. जॅकपॉटचं तर बोलूच नका. शंभरात चाळीस वेळा बरोबर येणाऱ्या जाणकाराला ओळीनं पाच विजेते साधतात ते शंभरात जेमतेम एकदा.

महाभारतात नळ आणि ऋतुपर्ण कुंडिनपूरला, म्हणजे आपल्या विदर्भातच, रथातून निघालेले असतात. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेनं मोजून सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड पाडून मोजतो, आणि आकडा जुळतो. मग सौदा ठरतो : राजानं नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं आणि संख्येचं मर्म द्यायचं आणि नळानं त्याला अश्वहृदय. ते अक्षहृदय मिळतं तेव्हाच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. घोड्यांची विद्या नळाकडे पहिल्यापासून होती, तरी तो सगळं राज्य हरला होता. आमच्या हेडकॅशिअरना हे मी त्या वेळी सांगायला हवं होतं. तेव्हा ते मलाच सुचलं नव्हतं.

त्यांनी पतपेढीतून मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढलं, तेव्हा मी जामीन राहिलो. कर्जाचे अर्ज तपासणं हाच माझा धंदा, आणि हा अर्ज मी न वाचता सही केला. मुलगी तेव्हा दहावीत होती, हे मला ठाऊक होतं. पुढे त्यांचा पगार इतर कर्जांच्या हप्त्यांत संपू लागला, तेव्हा पतपेढीचे हप्ते माझ्या पगारातून कापले गेले. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. ते समोर आले की मी व्हाउचर चाळायचो. मुलीचं लग्न नंतर तिच्या मामानं केलं.

ते गेल्यावर वहिनींनी मला एक लांबट वही आणून दिली. “तुम्हाला समजेल यातलं,” म्हणाल्या. तारीख, शर्यत, घोडा, लावलेली रक्कम, आलेली रक्कम. अक्षर कॅशबुकातल्यासारखं स्वच्छ. एका रविवारी बसून मी बरोबर आलेले घोडे मोजले. तीनात एकाहून थोडे जास्तच भरले. पानांच्या तळाशी मात्र कुठेच बेरीज नव्हती. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी न जाणाऱ्या माणसानं या एका वहीत कधी बेरीज मारली नव्हती. ती मी मारली. आकडा वहिनींना सांगितला नाही, इथेही सांगत नाही.

तर आजची डर्बी. वर्षातून एकदाच येणारी मंडळी ऐकलेल्या जॉकीच्या नावावर पैसे ओततील आणि त्याच्या घोड्याचा भाव पाडतील. तो जिंकेलही. गिनीजमध्ये शेवटपर्यंत चाल वाढवत आलेला घोडा रिंगणात असेल तर मी विजेता म्हणून त्याचं नाव लिहीन. तिकीट काढायचंच म्हटलं तर त्याच्या मागच्या, गर्दीनं विसरलेल्या फिलीचं, तेही प्लेसचं. दुपारी मी महालक्ष्मीला उतरेन, पुस्तक घेईन आणि प्रत्येक शर्यतीआधी नाव आणि टोटचा भाव वहीत टिपीन. पैसे लावणार नाही. त्यांच्या वहीत मागची बरीच पानं कोरी होती, तीच मी वापरतो. संध्याकाळी गाडीत बसायला जागा मिळाली की पहिल्यांदा बेरीज.