पेन्शनीतला कामगार आणि त्याचा दुसरा पगार

साखर कारखान्याच्या फाटकावर मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : "अठ्ठावन्न पुरी झाली, पेन्शन सुरू झाली; आता दुसरीकडे कामाला लागलो तर ती बंद होईल का हो?" उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. पण तेवढे सांगून भागत नाही. कारण या भीतीच्या जोरावरच म्हाताऱ्या माणसाला अर्ध्या पगारावर राबवून घेतले जाते.

मी बोलतो आहे ते १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेविषयी. प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. त्यामागून नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) कारखाने उभे राहिले, आणि आज गावोगाव पेन्शनीतले फिटर, पॅनमन, काटा-कारकून भेटतात. त्यांच्या पेन्शनीचा पैसा आला कोठून? मालकाने भरावयाच्या वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, सरकार १.१६ टक्के घालते. म्हणजे ही खैरात नव्हे. नोकरीच्या काळात हाती न पडलेला पगारच तो.

मिळते किती? सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. पण हिशेबात धरावयाच्या पगाराला मर्यादा आहे. पूर्वी ती ६,५०० रुपये होती. १ सप्टेंबर २०१४ रोजी १५,००० झाली. या तारखेआधीची चौदा वर्षे आणि नंतरची दहा वर्षे मर्यादेइतक्या पगारावर भरली असतील, तर १,३०० अधिक २,१४३, म्हणजे महिना सुमारे ३,४४३ रुपये. वीस वर्षे भरली की दोन वर्षे वाढवून धरतात, त्याने थोडी भर पडते. किमान पेन्शन त्याच दिवशी १,००० रुपये ठरली. एवढ्यात दोघांचे औषधपाणी तरी भागते काय? माणूस पुन्हा कामाला जातो तो हौसेने नव्हे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हंगामी कामगाराला वाटते, आपण वर्षातून पाचच महिने काम केले, आपली दहा वर्षे कोठून भरणार? पण योजनेत हंगामी कामगाराचे ते अपुरे वर्ष पुरे धरले जाते. हे ठाऊक नसल्याने हक्क सोडून घरी बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन फंडाचे सभासदत्व संपते. त्याच कारखान्यात पुढे ठेवले तरी पेन्शन घेता येते. हवी तर ती साठीपर्यंत लांबवता येते. दर वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते. लांबवली नसेल, तर मालकाची वर्गणी सगळीच्या सगळी भविष्यनिर्वाह निधीत पडली पाहिजे. ती जुन्याच सवयीने पेन्शन फंडात जात राहिली, तर १५,००० रुपयांवर महिना १,२५० रुपये भलत्या खात्यात जातात. तेव्हा पगाराची चिठ्ठी वाचावी, वाचता येत नसेल तर नातवाकडून वाचून घ्यावी.

आता ठेकेदाराचे म्हणणे : "तुला पेन्शन आहेच की, आठ हजारांवर ये." किमान वेतनाच्या कायद्यात पेन्शनवाल्याला वेगळा दर नाही. जुन्या मालकाकडे केलेल्या चाकरीचे फळ नव्या मालकाने आपल्या खिशात का घालावे? तरुण पोरे कुरकुरतात की म्हातारे आमच्या जागा अडवतात. त्यांचा राग खोटा नाही. पण म्हातारा स्वस्तात राबला, की त्याच फाटकावर पोराचाही दर पडतो. म्हाताऱ्याने पुरा दर मागितला तर ठेकेदाराला पोराला डावलण्याचे कारण उरत नाही.

मग "नोकरी धरली म्हणून पेन्शन बंद झाली" ही बोलवा उठते कशी? हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो. तो कोणत्याही महिन्यात देता येतो आणि बारा महिने चालतो. रात्रपाळीचा रखवालदार दिवसा झोपतो, दाखला राहून जातो, पेन्शन थांबते, आणि गावकरी नोकरीला दोष देतात. दाखला दिला की ती थकबाकीसह पुन्हा सुरू होते.