वर्षे मोजायची कोणी?

जानेवारी २०२० मध्ये बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात, कारियम्मन अग्रहार इथे, जेसीबी लावून पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या शंभराहून अधिक झोपड्या पाडण्यात आल्या. कारण एकच सांगितले गेले : इथे बांगलादेशी घुसखोर राहतात. काही दिवस आधी त्या भागाचे आमदार अरविंद लिंबावळी यांनी वस्तीचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकून तसा संशय बोलून दाखवला होता. उघड्यावर पडलेली माणसे मात्र आसाम, त्रिपुरा, पश्चिम बंगाल, बिहार आणि खुद्द उत्तर कर्नाटकातली निघाली. आधार कार्डे, मतदार ओळखपत्रे त्यांच्या हातात होती. पीयूसीएल या संघटनेने उच्च न्यायालयात धाव घेतली. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने पाडकाम थांबवले, ही कारवाई बेकायदेशीर असल्याचे म्हटले आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. पुढे दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली आणि मजूर गावी निघाले. तेव्हा बिल्डरांच्या प्रतिनिधींशी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची बैठक झाली आणि मजुरांना गावी नेणाऱ्या ‘श्रमिक’ गाड्या नकोत असे राज्याने रेल्वेला कळवले. देशभर टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत तो निर्णय फिरवावा लागला. जानेवारीत ‘चालते व्हा’ आणि मेमध्ये ‘जाऊ नका’, हे एकाच शहराने एकाच वर्गातल्या माणसांना सांगितले.

यात विसंगती दिसते खरी, पण दोन्ही हुकूम एकाच समजुतीतून निघाले आहेत. ती समजूत अशी की अंगमेहनतीचे काम करणारा माणूस म्हणजे गरजेपुरते आणलेले मनुष्यबळ. त्याचा मुक्काम किती, हे काम देणारा ठरवणार. कोणी दहा वर्षे स्लॅब ओतले, कोणी दहा वर्षे कचरा निवडला, तरी ती वर्षे त्याच्या नावावर कुठेच जमा होत नाहीत. अकराव्या वर्षी तो पुन्हा पहिल्या दिवसावर. जगभर अकुशल परदेशी कामगारांना कायम वास्तव्याचा हक्क द्यावा की नाही, यावर जो वाद चालतो त्याचा गाभाही हाच आहे. माझे म्हणणे असे की केलेल्या कामाची वर्षे मोजली गेली पाहिजेत. ती मालकाच्या मर्जीवर टांगलेली नसावीत आणि ठराविक मुदतीनंतर त्यांतून राहण्याचा हक्क मिळावा. हा नियम परदेशी मजुराला जितका लागू व्हावा तितकाच परराज्यातल्या मजुरालाही.

परदेशी मजुरांबाबत आपला कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. भारतात नोकरीचा व्हिसा हवा असेल तर मोजके अपवाद सोडता वर्षाला १६.२५ लाख रुपयांपेक्षा जास्त पगार असावा लागतो. म्हणजे गवंड्याच्या हाताखालच्या परदेशी माणसाला कायद्याचे दारच नाही. २०१६ मध्ये केंद्राने परदेशी व्यक्तींसाठी ‘कायम निवासी दर्जा’ आणला, पण तो १८ महिन्यांत १० कोटी किंवा ३६ महिन्यांत २५ कोटी रुपये गुंतवणाऱ्यांना, आणि त्यातून दरवर्षी किमान २० भारतीयांना रोजगार मिळावा या अटीवर. नागरिकत्व कायद्यात अर्जाआधीचे सलग एक वर्ष आणि त्यामागच्या १४ वर्षांतली एकूण ११ वर्षे वास्तव्य अशी वाट आहे. मात्र जो बेकायदा आला त्याला ती बंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतल्या सहा धर्मसमुदायांसाठी ११ ची ५ वर्षे केली, तीही २०१४ संपेपर्यंत आलेल्यांपुरती. त्या निकषात घाम कुठेच नाही.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो बेळ्ळंदूरच्या प्रत्येक सोसायटीच्या फाटकावर उभा असतो. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची मुभा दिली. त्यामुळे नेपाळी वॉचमनला व्हिसा लागत नाही, परवाना लागत नाही. सकाळी सहा-सातच्या सुमाराला तो फाटकावर मोबाइल घेऊन बसतो. घरकामाच्या बायका एकेक करून येतात, आपला क्रमांक सांगतात, तो अ‍ॅपमध्ये टाकतो आणि वर बाराव्या मजल्यावर बाईसाहेबांच्या फोनवर ‘आली’ म्हणून निरोप जातो. त्या बायकांतली एखादी पश्चिम बंगालची किंवा आसामची असते, म्हणजे भारताची नागरिक. बंगाली बोलते म्हणून संशयित ठरण्याची भीती तिला, आणि कागदोपत्री परदेशी असलेला वॉचमन निर्धास्त. कायद्याने दार उघडे ठेवले तर आकाश कोसळत नाही, हे आपण पंचाहत्तर वर्षे नेपाळच्या बाबतीत पाहत आलो आहोत. त्यावरून कोणी मोर्चा काढल्याचे क्वचितच दिसते.

दार बंद ठेवून काय होते हे जर्मनीने पाहिले. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करताना ‘पाहुणे कामगार’ दोन वर्षांनी परत जातील असे ठरले होते. कारखानदारांनीच कुरकुर केली : माणूस शिकवून तयार करायचा आणि तो हाताशी आला की घालवून द्यायचा, हे परवडत नाही. १९६४ मध्ये ती अट गेली. मग १९७३ मध्ये तेलसंकटाच्या तोंडावर भरतीच बंद केली. एकदा गेलो तर परत येता येणार नाही हे कळल्यावर लोकांनी जाणेच सोडले आणि बायकामुलांना बोलावून घेतले. त्या वर्षी सुमारे ४० लाख असलेली परदेशी लोकसंख्या १९८० पर्यंत ४४ लाखांवर गेली. ‘ही माणसे कधीतरी जातीलच’ या भरवशावर त्यांच्या मुलांना जर्मन शिकवण्याची निकड फारशी कोणाला वाटली नाही, आणि त्याचे परिणाम तो देश पुढच्या पिढीपर्यंत निस्तरत बसला. उलट टोक आखातात दिसते. रत्नागिरी-रायगडातली कित्येक घरे तिथल्या पैशावर उभी राहिली. पण तीस वर्षे राबलेल्या माणसालाही नोकरी सुटली की बाडबिस्तरा आवरावा लागतो. सौदी अरेबियाने २०१९ मध्ये कायम वास्तव्याची सोय केली, ती आठ लाख रियाल मोजणाऱ्यांसाठी. आपल्या दहा कोटींच्या योजनेशी तिचे नाते सख्खे आहे.

वाट आहे पण ती मालकाच्या घरातून जाते, अशीही एक गत असते. कॅनडाने १९९२ मध्ये घरी राहून मुले-म्हातारी सांभाळणाऱ्या परदेशी बायकांसाठी योजना आणली. दोन वर्षे काम पूर्ण केले की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येई. हजारो फिलिपिनो बायका या मार्गाने कॅनडाच्या झाल्या, म्हणून योजना टाकाऊ म्हणता येत नाही. पण मालकाच्याच घरी राहण्याची सक्ती असल्याने ती दोन वर्षे भरेपर्यंत तक्रार करायची कोणाची छाती होत नसे. जादा तास, बुडवलेला पगार, सगळे गिळायचे. २०१४ मध्ये ती सक्ती काढली गेली. वर्षांचे माप मालक बदलला तरी चालू राहिले पाहिजे, हा मुद्दा म्हणून माझ्या लेखी मुदत पाच वर्षांची की आठ वर्षांची यापेक्षा महत्त्वाचा आहे.

आता आक्षेप. पहिला, आणि महाराष्ट्राला चांगलाच ओळखीचा : याने भूमिपुत्रांची मजुरी पडते. मजुरी पडते हे पुष्कळदा खरे असते, पण ती कशाने पडते? ज्याला उद्या हाकलता येते तो कमी दरात, हेल्मेटशिवाय, दिवसाचे बारा तास काम करतो, आणि त्याच्याशी स्थानिक मजुराला स्पर्धा करावी लागते. हक्क मिळालेला परका मजूर दर मागतो. ज्याला स्थानिकाची खरोखर काळजी आहे त्याने या मागणीच्या बाजूने उभे राहायला हवे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जे देश जास्त हक्क देतात ते कमी लोकांना आत घेतात. मग बाहेर राहिलेल्या गरिबांचे काय? अभ्यासक मार्टिन रुह्स यांनी हा पेच २०१३ मधल्या पुस्तकात नीट मांडला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पहिली काही वर्षे हक्क मर्यादित ठेवणे मला मान्य आहे. मान्य नाही ती न संपणारी मर्यादा. तिसरा आक्षेप सुरक्षेचा : अशाने सीमा उघडीच पडेल. मला उलटे वाटते. मर्यादित संख्येचा, बोटांचे ठसे घेऊन दिलेला कामाचा परवाना असेल तर कोण आला आणि कुठे आहे हे सरकारला कळते. आज ते दलालाला कळते, मुकादमाला कळते आणि शेड भाड्याने देणाऱ्या जागामालकाला कळते.

चौथा आक्षेप व्यवहारी आहे : वर्षे सिद्ध कशी करायची? महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्याला साधारण १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने स्थानिकांना नोकऱ्या राखून ठेवणारे विधेयक मंजूर केले आणि उद्योगांच्या विरोधामुळे लगेच बासनात ठेवले. त्यातही स्थानिक म्हणजे कोण याला १५ वर्षे आणि कन्नडचे ज्ञान अशी फूटपट्टी होती. भाषेची अट मला जाचक वाटत नाही. ज्या गावात राहायचे त्याची भाषा शिकावी, आणि सरकारने ती शिकवावी. अडचण १५ वर्षांच्या पुराव्याची आहे, कारण भाडेकरार, वीजबिल, शाळेचा दाखला हे पुरावे पक्क्या घरात राहणाऱ्यांचे. शेडमधल्या माणसाला भाड्याची पावतीही मिळत नाही.

आणि तरीही नोंदी आहेत, ढीगभर आहेत. फाटकावरच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक कामवालीचा येण्याचा दिवस आणि वेळ आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने वर्षात ९० दिवस काम केलेल्याची कल्याण मंडळाकडे नोंदणी करण्याची तरतूद केली आणि त्यासाठी बांधकाम खर्चावर एक टक्का उपकरही गोळा होत आला. ‘एक देश एक रेशन कार्ड’ २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचले. गावाचे कार्ड बेंगळुरूच्या दुकानात चालवले की कुठे, कधी धान्य उचलले ते यंत्रावर उमटते. यांतले कोणतेही दोन पुरावे पाच वर्षांचे दाखवले की तो त्या शहराचा रहिवासी, त्याच्या मुलाला शाळा आणि त्याला घरकुल योजनेत अर्ज, एवढे राज्याला आदेश काढून करता येईल. परदेशी मजुरासाठी केंद्राला आधी परवान्याचा कायदा करावा लागेल, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या परदेशी नागरिक कायद्यात तशी सोय नाही.

एक धोका उरतो. हीच यादी उद्या जेसीबीच्या चालकाच्या हाती पडली तर? २०२० मध्ये ज्यांच्याकडे कागद होते त्यांच्याही झोपड्या गेल्या, त्यामुळे पुन्हा नाव नोंदवायला त्यांनी का यावे, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून ही नोंदणी पोलिसांकडे वा पालिकेच्या अतिक्रमण विभागाकडे नको, कामगार खात्याकडे हवी. ती माहिती दुसऱ्या खात्याला देण्यावर कायद्याने बंदी हवी, आणि मजुराची बाजू ऐकल्याशिवाय आणि पर्यायी जागा दिल्याशिवाय त्याचे घर पाडता येणार नाही, हे त्याच कायद्यात लिहिलेले हवे.