मूठ वळेनाशी होण्याआधी

साठीत गुडघे झिजले तर आपण ‘वात’ म्हणतो, कंबर धरली तर वात म्हणतो, आणि पस्तिशीतल्या बाईची बोटे रोज सकाळी तासभर आखडून राहू लागली, मनगटे सुजली, कणीक तिंबताना मूठ वळेना, तर त्यालाही वातच म्हणतो. यातला शेवटचा आजार पहिल्या दोहोंच्या जातीचाच नाही. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते आणि शेजारची कूर्चा व हाड कुरतडत जाते. त्याच्याशी जुळणाऱ्या विकाराला माधवनिदानाने ‘आमवात’ म्हणून स्वतंत्र प्रकरण दिले, आधुनिक वैद्यकाने त्याला ‘रूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हटले. आपल्या बोलण्यात मात्र ही वेगळी ओळख टिकली नाही. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो, म्हणून ‘बाईमाणसाचं दुखणं’ ठरून आणखी मागे ढकलला जातो. तेल, शेक, दुखणे दाबणारी गोळी, कधी स्टेरॉइडची सुई, मग हाडांचे डॉक्टर. योग्य उपचाराशी गाठ पडेपर्यंत कितीदा वर्ष उलटून गेलेले असते, आणि या आजारात तेच वर्ष मोलाचे असते.

कुरतडलेले हाड पहिल्यासारखे होत नाही. म्हणून युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते की लक्षणे सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत रुग्ण तज्ज्ञापुढे यावा आणि तीन महिन्यांच्या आत आजाराला आवर घालणारे औषध सुरू व्हावे. हे औषध बहुधा मेथोट्रेक्झेट असते. त्याचे कूळ आपल्याला जवळचे वाटावे असे आहे: भीमावरममध्ये जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्या फोलिक आम्लविरोधी औषधांच्या कामाचे नेतृत्व केले, त्याच घराण्यातले ते. १९५१ मध्ये त्याचे थोरले भावंड अमिनोप्टेरिन आमवातावर वापरून पाहिले गेले; १९८८ मध्ये अमेरिकेने मेथोट्रेक्झेटला या आजारासाठी मान्यता दिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची ही गोळी स्वस्त आहे. ती, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासलाझिन ही तिन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरीही बोटे वाकडी होतात. माझ्या मते आपल्याकडे उणीव आहे ती ठरलेल्या भेटींची.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ग्लासगोतून आला. तिथल्या ११० रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. अर्ध्या रुग्णांना रिवाजाप्रमाणे दर तीन महिन्यांनी बोलावले. उरलेल्यांना दर महिन्याला. प्रत्येक भेटीत सांधे दाबून सुजेला आकडा द्यायचा, आणि आकडा ठरवलेल्या पातळीच्या खाली नसेल तर औषध तिथल्या तिथे वाढवायचे. नवे महागडे औषध यात नव्हते, जुन्याच गोळ्या आणि सांध्यातली इंजेक्शने. दीड वर्षाने महिन्याला येणाऱ्यांपैकी ६५ टक्के रुग्णांचा आजार जवळजवळ शमला होता. तिमाही येणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. आणि एकूण खर्च वाढला नाही. कुणीतरी वेळच्या वेळी पाहिले, मोजले आणि थांबून राहिले नाही, एवढ्यावर हा चौपट फरक पडला.

आता आपली व्यवस्था पाहा. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देते, पण रुग्ण खाटेवर दाखल झाला तर. घरी सोडल्यानंतरची औषधे १५ दिवसांची. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही मुळात दाखल रुग्णांसाठीची. बाह्यरुग्ण विभागात येऊन गोळी वाढवून घेणारी बाई या हिशेबात बसत नाही. गुडघा पुरता निकामी झाला की बसते, कारण कृत्रिम सांध्याची शस्त्रक्रिया आयुष्मानच्या यादीत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने अशा सांध्यांच्या किमती बांधल्या, कोबाल्ट-क्रोमियमच्या प्रचलित गुडघ्याला ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली. तो निर्णय चांगलाच होता. पण गुडघ्यासारखे बोटांचे सांधे सहसा बदलून मिळत नाहीत, आणि हाताने कमावणाऱ्या बाईचे सारे जगणे त्या बोटांवर असते.

एवढ्या थोड्या रुग्णांसाठी वेगळा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघर पाहणी सुरू केली. तिथे प्रौढांत आमवाताचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाले. तेच राज्याला लावले आणि २०११ च्या जनगणनेतल्या ११ कोटी २४ लाखांपैकी दोन-तृतीयांश प्रौढ धरले, तर साडेतीन लाखांवर माणसे होतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तज्ज्ञ थोडे आणि बहुतेक मोठ्या शहरांत. मेथोट्रेक्झेट यकृताला आणि रक्तपेशींना अपाय करू शकते. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर जीवही जातो. हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच चिठ्ठी लिहून रुग्णाला वाटेला लावणे धोक्याचे. पण देखरेखीला लागणाऱ्या रक्ततपासण्या सरकारी रुग्णालयांत महालॅब या तपासणी सेवेमार्फत मोफत होतात. मधुमेह-रक्तदाबाचे दवाखाने राष्ट्रीय कार्यक्रमाखाली चालतातच. आमवात त्या राष्ट्रीय कार्यक्रमात नाही, पण जागा, परिचारिका आणि नोंदवही तीच वापरता येईल. निदान वैद्यकीय महाविद्यालयात तज्ज्ञाने करावे, पुढचा सल्ला ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून द्यावा. सुजेचा आकडा काढण्यासाठी २८ सांधे दाबून मोजायला यंत्र लागत नाही, शिकवलेले हात लागतात.

उरला महाग जैविक औषधांचा प्रश्न. २०१४ मध्ये झायडस कंपनीने अ‍ॅडालिमुमॅब या जैविक औषधाची जगातली पहिली जैवसमरूप आवृत्ती भारतात आणली, तरी हा खर्च मजुराच्या घराला झेपत नाही. काहींना ती औषधे लागतातच, आणि त्यांच्यामुळे शरीरात दबलेला क्षय जागा होऊ नये म्हणून आधी तपासणी करून ती सरकारी रुग्णालयात मिळाली पाहिजेत. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५३ रुग्णांच्या अभ्यासात, एकट्या मेथोट्रेक्झेटने ज्यांचे भागले नव्हते त्यांना सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची जोड दिली, तेव्हा ती इटानरसेप्ट या महागड्या जैविक औषधाच्या जोडीपेक्षा कमी पडली नाही. म्हणजे पुष्कळांचे काम तीन जुन्या गोळ्यांवर भागू शकते, त्या खंड न पडता मिळत राहिल्या तर. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कोविडच्या धास्तीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दुकानांतून दिसेनासे झाले, तेव्हा हा खंड काय असतो ते या रुग्णांनी अनुभवले. खंड भेटींतही पडतो. महिन्याची भेट पुण्या-मुंबईत असली की एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा खाडा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती भेट गळते. तीच भेट तालुक्याच्या गावी असेल, तर सकाळच्या गाडीने जाऊन, बोटे दाखवून, गोळ्या घेऊन दुपारपर्यंत घरी परतता येते.