कोल्हापूरच्या मावळतीचा सह्याद्री

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील सह्याद्रीचे माथे साधारणतः ९०० ते १,००० मीटर उंचीचे असल्याने १,६४६ मीटरच्या कळसूबाईपुढे ते ठेंगणे ठरतात; मात्र कोकणाच्या बाजूने पाहिल्यास शेकडो मीटर तुटलेले कडे या पर्वताचा खरा दरारा दाखवतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या पाषाणावर येथे जांभ्याचे, म्हणजे अतिपावसात खडक झिजून झालेल्या तांबड्या सच्छिद्र दगडाचे, आवरण असून मसाई पठारासारखे विस्तीर्ण सडे त्यातूनच घडले आहेत.

मोसमी वारे या धारेवर अडतात, म्हणून गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास कोसळणारा पाऊस पूर्वेकडे शिरोळात पाचशेच्या घरात येतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि श्रद्धेने गुप्त मानलेली सरस्वती यांच्या प्रयाग चिखली येथील संगमातून पंचगंगा होते. कोल्हापूरचा ऊस आणि कोल्हापूरचा महापूर, दोन्ही याच डोंगरांची देणगी आहेत. भोगावतीवर राधानगरी धरण बांधावयास घेणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांनी हे नाते अचूक ओळखले होते.

शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातील पन्हाळा हा मुख्य धारेपासून पूर्वेला आलेल्या फाट्यावर, कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरांवर आहे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज येथूनच विशाळगडाकडे निसटले आणि घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे यांनी शत्रूला रोखून धरले. भर आषाढातील चिखल, धुके आणि ओढे यांतून काढलेली ती वाट नकाशावर पाहून समजत नाही. पावसाळ्यात ती पायी तुडवणाऱ्यांनाच त्या रात्रीच्या पराक्रमाचे मोल कळते. तीन दरवाजा, अंधारबाव आणि धान्याचे भव्य अंबरखाने असलेला हा गड २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांत जागतिक वारसा ठरला.

बहुतेक पर्यटक पन्हाळ्यावरूनच परततात, ही खेदाची बाब आहे. करूळ व भुईबावडा या दोन घाटवाटांच्या माथ्यावरील गगनबावडा, तसेच गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट असलेले राधानगरी अभयारण्य पाहिल्याविना हा पर्वत पाहिला असे म्हणता येत नाही. मुसळधार पावसात घाटरस्त्यांवर दरडी कोसळत असल्याने पाऊस ओसरल्यावरचे, सडे रानफुलांनी भरण्याचे दिवस प्रवासास उत्तम असून, गवे पाहावयाचे असल्यास पाणवठे आटू लागणारा उन्हाळा अधिक सोयीचा आहे.